नळीतला पाहुणा

गुणाजी परबांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. दुसऱ्याने आवळलेला नट ते स्वतः पाना लावून पाहत. निवृत्तीनंतर बोरिवलीच्या घरी हीच नजर भाजीवाल्यावर, लिफ्टवर आणि जावयावर फिरू लागली. जावई धवल बोलायला गोड. परबांच्या मते, जरा जास्तच गोड.

परबांच्या फिशटँकमध्ये लांब शेपट्यांचे गोल्डफिश होते, शिवाय नुकतेच त्यांनी स्वतः पारखून आणलेले पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब मासे. त्यात धवलने एक निळा क्रेफिश आणून दिला. शेवंडीचं, म्हणजे लॉब्स्टरचं, पिल्लू वाटावं असा, पुढे दोन नांग्या. माशांबरोबर आरामात राहतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. परबांनी मान डोलावली. धवल गेल्यावर बायकोला, शेवंतीला, म्हणाले, "नांगी असलेलो जीव माशांत सोडूक सांगता. ह्येच्या मनात काय हा?"

क्रेफिश दिवसभर प्लास्टिकच्या नळीत बसे. समोर खुर्ची टाकून परब पेपर वाचत, एक डोळा नळीवर. थोड्याच दिवसांत गोल्डफिशच्या शेपट्या फाटलेल्या दिसल्या. एक तर मेलाच. परबांना वाईट वाटलं, पण आपला अंदाज बरोबर निघाला याचं आत कुठेतरी बरंही वाटलं. त्यांनी क्रेफिशला नळीसकट झाकणाच्या बादलीत हलवलं आणि हवेचा पंप लावला. धवलचा फोन आला की तो घ्यायला नको म्हणून ते बाथरूममध्ये शिरत. क्रेफिशला चावताना कुणी पाहिलेलं नाही, असं शेवंतीने एकदा सांगून पाहिलं. हिलाही जावयाने पढवलंय, अशी परबांना शंका आली.

एका सकाळी क्रेफिश बादलीत निपचित पडलेला दिसला. परबांनी तो चमच्याने उचलला, तर वजनच लागेना. आतून पोकळ, नुसतं कवच. खरा क्रेफिश नळीत अंग चोरून बसला होता, फिकट आणि मऊ. त्याने कात टाकली होती.

ते शेवंतीला दाखवायला वळले आणि टँकपाशी थबकले. उरलेल्यांपैकी एका गोल्डफिशची शेपटी ताजी फाटली होती. क्रेफिश तर कधीचा बादलीत. परब तिथेच बसून पाहत राहिले. एक बार्ब मागून आला, शेपटीला हिसका दिला आणि झाडांत पसार झाला. मग दुसरा.

शेवंती मागे उभी होती. तिनेही ते पाहिलं होतं.

दुपारी त्यांनी आपणहून धवलला फोन केला. क्रेफिशला वेगळा टँक करतोय, एवढंच सांगितलं.

"तेच सांगायला फोन करत होतो, बाबा," धवल म्हणाला. "दुकानदार खोटं बोलला. क्रेफिश झोपलेले मासे पकडतो म्हणे. तुम्ही भेटतच नव्हता."

हे खरं, की त्याला आत्ता सुचलं? परबांना ठरवता येईना.

"रविवारी जेवायला या," शेवटी ते म्हणाले. "नवा टँक बघायला दुकानात बरोबरच जाऊ."