बिनआवाजाचा जनरेटर

घरासाठी जनरेटर मी आवाज ऐकून पसंत केला, आणि तो आवाज ऐकला लूम चालू असलेल्या कारखान्यात.

एवढं सांगितलं की लूमवर जगणाऱ्या आमच्या उधन्यातला कुणीही हसायला लागतो. बाकीच्यांसाठी जरा फोडून सांगतो. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. आम्ही तिथे हातांनी बोलायचो. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. मी तिथे मास्तर होतो, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, आणि इतक्या वर्षांनी माझे कान फक्त चष्मा अडकवायच्या कामाचे उरले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर ऐकू आलं नसेल.

जनरेटर हवा होता तो बहिणीसाठी. नव्वदीतल्या त्या उन्हाळ्यांत आमच्या नवागामात दुपारी हमखास वीज जायची. आधीच्या पाहुण्यांनी तिला बघितलं ते घाम पुसत, अंधाऱ्या खोलीत. 'कळवतो' म्हणून गेले, ते अजून कळवतायत. बहिणीनं त्या दिवशीची साडी पेटीच्या तळाशी टाकून दिली. आता पांडेसऱ्याचे पाहुणे येणार होते. मी जाहीर केलं, या वेळी सगळं घर चालणार. पंखे, ट्यूबलाइट, फ्रीज, टीव्हीसुद्धा!

"टीव्ही कसाले रे भाऊ?" आई म्हणाली. "पाव्हना पोर देखाले यी ऱ्हायनात का क्रिकेट?"

दुकानातली छोटी पेट्रोलची मशिनं माझ्या 'सगळ्या घरा'ला पुरेनात. शेवटी ओळखीच्या एका शेठनं त्याच्या खात्याच्या कोपऱ्यातला जुना डिझेलचा जनरेटर चालू करून दाखवला. मी कान लावून उभा राहिलो. मशीन थरथरतंय, धूर सोडतंय, पण आवाज म्हणाल तर नाव नाही. शेठ भला माणूस. मला दाराबाहेर ओढून गुजरातीत म्हणाला, "मास्तर, बहार काढीने सांभळो." बाहेर काढून ऐका म्हणे! मी नुसता हसलो. मशीनची पारख हा मला शिकवणार?

मागच्या बोळात सिमेंटचा ओटा करून ठेवला होता. जनरेटर त्यावर बसला पाहुण्यांच्या दिवशी सकाळी. आई आणि बहीण बाजारात गेल्या होत्या. वायरमननं हँडल मारून तो चालू केला आणि तोंड वाकडं करून काहीतरी बोलला. मी मान हलवली. मास्तरकी अर्धी मान हलवण्यावरच चालते. मला तर छान घरघर ऐकू येत होती, अगदी खात्यातल्यासारखी, ओळखीची.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. मुलगाही लूमवरच होता. पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि वीज गेली. मी तर याचीच वाट बघत होतो. "बसा, बसा" म्हणत मागे पळालो, हँडल मारलं, स्विच फिरवला.

पंखे फिरले. ट्यूब लागली. टीव्ही लागला. मी छाती काढून आत आलो तर मामांनी दोन्ही कान झाकलेले, बशीतले चमचे नाचतायत, आजोबांचा फोटो वाकडा झालाय आणि खिडकीतून धूर आत येतोय. मुलाचे वडील बहिणीला काही विचारत होते आणि ती वाकून वाकून "आं? आं?" करत होती. आई माझ्याकडे बघून बोलत होती. ओठ वाचायची मला सवय, पण ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. बहिणीचे डोळे भरून आले. म्हटलं, झालं, हेही 'कळवतो' म्हणणार.

तेवढ्यात मुलानं तिच्याकडे बघून हात पुढे केला आणि तळवा खाली दाबला. खात्यातली खूण: मशीन बंद कर. बहीण लहानपणापासून माझा डबा घेऊन खात्यात यायची, सगळ्या खुणा तिला पाठ. तिनं ट्रे ठेवला, मला बाजूला सारून बोळात गेली आणि जनरेटर बंद केला.

घर एकदम गप्प झालं. पंखे थांबले, घाम सुटला. ती दारात आली तशी मुलानं दुसरी खूण केली: अंगठा ओठांशी. चहा! बहीण खळखळून हसली. ते हसू मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे केवढ्यानं हसली असेल बघा.

आता ते खातं राहिलं नाही. बोळातल्या ओट्यावर तुळशीची कुंडी आहे. बहिणीकडे इन्व्हर्टर आहे, वीज गेलेली कळतसुद्धा नाही. पण नवरा-बायको भांडली की अजून हातांनीच भांडतात, पोरांना कळू नये म्हणून, आणि मला कोपऱ्यात बसून सगळं समजत असतं. तेव्हा कुठूनसा डिझेलचा वास आल्यासारखं वाटतं.

त्या दुपारी चहा पिऊन पाहुणे उठले. चपला घालता घालता मुलाचे वडील थांबले, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पोर आमनी व्हयनी! पण हाई मशीन नि तिना भाऊ, दोन्ही आठेच, तुमनाच घरमा ऱ्हाऊ द्या!"