टाचण्या तोंडात असेपर्यंत

ती शिवणयंत्रावर बसली की पाय, हात आणि तोंड तिन्ही एकदमच सुरू व्हायची. गल्लीनं तिचं नाव ‘टकळी’ ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, पण रागवायला सवड कुठे होती? गिऱ्हाइकानं “बाही जरा...” म्हणावं, की ही “आखूड करायची, दोन बोटं, परवा न्या” म्हणून मोकळी. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं म्हणजे तिचा जीव खालीवर व्हायचा.

लेकीशीही तेच. अंगानं काडी म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. ती दुकानात पुस्तक उघडून बसली की कापड बेततानाही आईचा एक कान तिकडे. बारकीनं “खे... खे...” केलं की आई म्हणायची, “खेकडा. पुढे.” पुढच्या शब्दाला पुन्हा तीच गत. बाकावर ताटकळलेल्या बायकाही हौसेनं शब्द पुरवायच्या. पोरीच्या वाट्याला शब्द उरायचाच नाही. हळूहळू तिनं मोठ्यानं वाचणं सोडलं, मग बोलणंही बेतानंच.

शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, वाचायची पाळी आली की बारकी नुसती पुस्तकात बघत उभी राहते. हे सत्र संपेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही, तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल.

“घरी ओरडू नका,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त...”

“रोज तासभर वाचून घेते, तुम्ही काळजीच करू नका,” टकळी म्हणाली आणि पिशवी उचलून दारात पोचलीसुद्धा. बाईंना फक्त ‘ऐका’ म्हणायचं होतं, ते त्यांच्या ओठावरच राहिलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. उलटी बाही जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. संध्याकाळ झाली की बारकीला समोर बसवायची. पोर पुस्तकाकडे बघायची, ही पोरीकडे. एक-दोन क्षण दम धरायची आणि मग अख्खी ओळ स्वतःच वाचून टाकायची. बारकीचा बाप ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. तो म्हणाला, “अगं, परीक्षा तुझी आहे की तिची?” ती त्याच्यावरच उखडली. बारकी मात्र बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात जाऊन बसली, आणि पुढे तीच तिची जागा झाली.

मग एका सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं. लांबच लांब कापड, खालची दुमड घालत टाचत जायचं. टकळी जमिनीवर गुडघे टेकून, मूठभर टाचण्या ओठांत धरून कामाला लागली. टाचण्या ओठांत असल्या की बोलता येत नाही, हे शिवणाऱ्या कुणालाही विचारा. दुकान गप्प झालं, आणि थोड्या वेळानं टेबलाखालून आवाज आला.

“खेकडा... घर... शोधत... समु... समुद्...”

टकळीच्या घशात तो शब्द अख्खा येऊन बसला. जीभ हलली तशी एक टाचणी टोचली. बारकी थांबली, मागे गेली, पुन्हा आली. “समुद्र... किना... समुद्रकिनाऱ्यावर गेला.” आणि पुढे चालू पडली.

टकळीला इतका आनंद झाला की हातातलं कापड सुटलं. पण त्यामागोमागच दुसरं मनात आलं. पोरीला येत होतं. आपणच आडवे येत होतो. काहीतरी बोलावं म्हणून तिनं ओठांतली एक टाचणी काढली, तशी बारकीनं टेबलाखालून डोकं बाहेर काढलं.

“काढू नकोस ना,” ती म्हणाली. “त्या असल्या की मला वेळ मिळतो.”

टकळीनं टाचणी परत ओठांत धरली. त्या दिवसापासून संध्याकाळी टाचायचं काही नसलं तरी ती चार टाचण्या तोंडात धरून बसायची. बाकावरची एखादी बाई शब्द सांगायला पुढे झाली, की तिच्यापुढे टाचण्यांची गादी धरायची. बायका हसायच्या, पण गप्प बसायच्या. आतून मात्र टकळीचा जीव टांगणीलाच होता. घरात वाचते, पण बाईंसमोर?

सत्र संपायला आलं तेव्हा बाई स्वतःच दुकानात आल्या. नव्या झग्याची खालची किनार वर घ्यायची होती. बारकी लगबगीनं टेबलाखाली गेली. बाई स्टुलावर उभ्या राहिल्या, टकळी ओठांत टाचण्या धरून त्यांच्या पायाशी बसून टाचू लागली. निम्मी किनार टाचून झाली. मग टेबलाखालून अगदी बारीक आवाज आला. खेकडा निघाला होता. वाचतावाचता तो दीपस्तंभापाशी पोचला आणि आवाज अडला.

“दी... दी...”

बाईंनी तोंड उघडलं.

“आई, बाईंनापण दोन टाचण्या दे,” टेबलाखालून आवाज आला.

बाईंचं तोंड मिटलं. त्यांनी खाली पाहिलं. टकळीनं मान वर केली नाही. शेवटची टाचणी किनारीत जाऊन बसली होती, तोंडात एकही उरली नव्हती, आणि दीपस्तंभ तिच्या जिभेच्या टोकावर होता. पोरीला कळू नये म्हणून ती ओठ तसेच घट्ट मिटून बसून राहिली.