फुग्यापुरते उत्तर द्या

“फुग्यापुरतं बोलू या, काका.” हे म्हणताना ताई उजव्या हाताची दोन बोटे एकमेकांजवळ आणत, जणू त्यांच्यामध्ये काहीतरी नाजूक धरलेले आहे.

त्या वाक्याची वाट कोणी लावली, ते क्रमाने मांडतो. होळीनंतरचा सोमवार : ताईंनी चाचणी केली. त्याच आठवड्यातला शुक्रवार : व्यवस्थापकांनी त्यांचा अहवाल खणात टाकला. रामनवमीची दुपार : एक पत्र रजिस्टर पोस्टाने रवाना झाले. अक्षय्यतृतीयेचा आदला दिवस : कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली. जबाबदार व्यक्ती तीन. पहिले मालक, दुसरे व्यवस्थापक. तिसऱ्याचे नाव यथाक्रम येईल.

ताई आमच्या बडोद्याच्या लहरीपुऱ्यातील घराच्या वरच्या मजल्यावर एकट्या भाड्याने राहत आणि शहराबाहेर नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत. तेव्हा बडोद्याच्या दुकानांत रंगापासून मोज्यांपर्यंत प्रत्येक वस्तूवर ‘नॅनो’ हा शब्द छापला जाऊ लागला होता. त्या कारखान्यात तशीच एक अतिसूक्ष्म पांढरी भुकटी तयार होई.

संध्याकाळी घरी आल्यावर ताई थेट जिना चढत नसत. अंगणातल्या नळाखाली ओढणी भिजवत, पिळत, आतल्या बाजूने घडी घालत. आमची सौभाग्यवती चहाला बोलवायला पुढे झाली की दुरूनच हात हलवत : “आधी अंघोळ, काकू. जवळ नका येऊ.”

“आमच्या ताईंचं नंदेसरी सोवळं!” सौभाग्यवती म्हणे. ताई हसत, पण जवळ येत नसत.

एकदा स्वयंपाकघरात त्यांनी दुधाच्या सायीवर मोहरीचा दाणा ठेवला. “बघा, साय वाकली. आता दाणा इतका बारीक समजा, की साय त्याला चहूबाजूंनी लपेटून आत घेईल. कधी लपेटेल, कधी फाटेल. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं असंच पातळ, दोन पदरी आवरण असतं.”

मी वही उघडली.

“लिहू नका, काका. साय हे उदाहरण आहे, पुरावा नव्हे.”

जन्मभर न्यायालयात अर्ज तपासलेल्या माणसाला हे ऐकवले गेले, आणि त्याला ते आवडले.

होळीनंतरच्या सोमवारी त्या मला आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. अंड्याच्या बलकातील स्निग्ध पदार्थापासून त्यांनी डोळ्यांना न दिसणारे फुगे केले होते आणि त्यांत एक रंग कोंडला होता. दाटीने कोंडलेला असेपर्यंत तो रंग मंद राहतो. फुगा गळला आणि रंग पाण्यात पसरला की तो चमकतो. तीन नळ्या होत्या. पहिलीत नुसते फुगे. दुसरीत फुगे आणि भुकटी ज्या पदार्थाची, त्याचीच जाडी भरड. तिसरीत फुगे आणि कारखान्याची भुकटी. ताईंनी पडदे ओढले आणि निळा दिवा लावला. दोन नळ्या अंधारातच राहिल्या. तिसरी हळूहळू हिरवी होत गेली.

मी नकळत तोंडावर रुमाल दाबला.

“श्वास घ्या, काका. भुकटीची बाटली बंद आहे.”

मी श्वास घेतला खरा, पण तो कोठवर आत जातो याचा विचार त्या दिवशी प्रथमच केला. घरी वरणावर तूप पसरले आणि मी वाटी दूर सारली.

ताईंना मात्र स्वतःची नव्हे, पिशव्या भरणाऱ्या चार बायकांची धास्ती होती. खोऱ्यातून ती भुकटी पाण्यासारखी वाहे आणि निसटली की धुरासारखी वर चढे. बायका नाकाला पदर लावत. ताईंनी मागे लागून त्यांना जाड मुखपट्ट्या बांधायला लावल्या होत्या. त्यांच्यातली मंजुबेन जीव गुदमरतो म्हणून कुरकुरे, “ताई, आमां तो गभरामण थाय छे!” ताई दोन तासांच्या बोलीवर चहा कबूल करत, “बे कलाक पहेरो, पछी चा मारा तरफथी.”

त्यांच्या अहवालाचे शब्द मला पाठ आहेत : ‘स्निग्ध पदार्थाच्या फुग्यांत या भुकटीने गळती घडते. मानवी शरीराविषयी यावरून काहीही सिद्ध होत नाही. म्हणून अधिक तपास होईपर्यंत भरणी बंदिस्त यंत्रात करावी.’ व्यवस्थापक म्हणाले, “बेन, पावडर छे, झेर थोडुं छे?” भुकटीच ती, विष थोडेच! आणि खण बंद झाला.

मी संतापलो. रामनवमीला मालकांना पत्र लिहिले, प्रती अधिकाऱ्यांना व वर्तमानपत्राला धाडल्या. ‘फुग्यांत’ हा शब्द मला दुबळा वाटला. मी लिहिले : ‘ही भुकटी माणसाच्या फुफ्फुसातील पेशी फोडते, हे आपल्याच प्रयोगशाळेतील बाईंनी सिद्ध केले आहे.’ ताईंना विचारले नाही. पोचपावती मात्र जपून ठेवली.

फाटकावरची सूचना चार ओळींची होती. मानवी फुफ्फुसावर अशी कोणतीही चाचणी झालेली नाही. पत्रातील विधान असत्य आहे. संबंधित कर्मचारी बाईंना कामावरून कमी केले आहे. भुकटीविषयी अफवांवर विश्वास ठेवू नये. पहिल्या तीन ओळींत खोडून काढण्यासारखा एकही शब्द मला सापडला नाही.

त्याच संध्याकाळी मंजुबेन आमच्या अंगणात आली. मुखपट्टी नव्हती. “हवे जरूर नथी, ताई. शेठे लखीने आप्युं छे, कंई नथी.” मालकांनीच काही नाही असे लिहून दिले, म्हणून चौघींनीही मुखपट्ट्या काढून टाकल्या होत्या. ती हसत होती, आणि तिच्या पापण्यांवर पांढरी भुकटी बसलेली होती.

ताईंनी तिला नळापाशी बसवले. ओढणीचे टोक भिजवून एकेक पापणी पुसली. मंजुबेन गेल्यावर माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाल्या, “काका, माझं वाक्य पूर्ण होतं.”

पुढल्या महिन्यात त्या भावाच्या गावी निघून गेल्या. संध्याकाळी नळ कोरडा असतो. सौभाग्यवती अजून एक कप जास्त मांडते.

तिसरा जबाबदार मी. ताईंनी जे म्हटले नव्हते, ते त्यांच्या नावावर मी घातले, हे येथे जाहीरपणे कबूल करतो.

आता मालकांनी बोलावे. फुफ्फुसाविषयी मी विचारत नाही. ताईंचा अहवाल खणातून बाहेर काढा. त्याच तीन नळ्या, तोच निळा दिवा फाटकापाशी मांडा, आणि त्या चार बायकांच्या देखत सांगा, तिसरी नळी उजळते की नाही? फुग्यापुरतेच उत्तर द्या. पण त्यांच्यासमोर द्या, आणि त्यांनी पुढची पिशवी उघडण्यापूर्वी द्या.