दोष गाडीचाच

पुण्याहून नारायणगडाला दर्शनाला निघालो तेव्हा गाडी कशी गुण्यागोविंदाने चालली होती. आष्टी मागे पडली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं आणि बोडके माळ. पुढे एक पत्र्याचं हॉटेल दिसलं, तिथवर रखडत पोचलो.

हॉटेलवाला महादू लंगडत आला. "थंड होऊ द्या. तवर जेवून घ्या." बाजरीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची) आमटी आली. नाकातून पाणी आलं, तरी ताट चाटूनपुसून खाल्लं.

बाकावर चार-पाच गावकरी होते. माझ्या गाडीवरून विषय निघाला, आजवरची सगळ्यात वाईट गाडी कोणती. एकाने मेव्हण्याची जीप सांगितली, धक्का दिल्याशिवाय ती सुरूच होत नसे. पण तात्या नावाच्या म्हाताऱ्यांनी एकाच जुन्या मॉडेलच्या गाडीचा हेका धरला. "तिच्यावाणी बेकार गाडी झाली न्हाई. बिरेकच लागत न्हाईत तिचे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तसलीच गाडी मी कितीतरी वर्षं चालवली. माझी लेक दवाखान्यातून घरी आली ती तिच्यातच. मला राहवेना, वाद घालणं हा माझा जन्माचा रोग. म्हणालो, "तात्या, तिच्यासारखे ब्रेक मी दुसऱ्या गाडीचे पाहिले नाहीत. चालवणाराच झोपला तर गाडी काय करणार?"

महादू कपबशा उचलून आत गेला.

तात्यांनी मला बाहेर नेलं. "कावून (का) बोललात असं? म्हाद्याची बायकू तसल्याच गाडीच्या अपघातात गेली, गडावरून येताना. चालवत ह्योच व्हता. लई दिवस जेवंना, बोलंना. मग समद्या गावानं दोष गाडीवर टाकला. आजबी गाड्यांचा इषय निघाला की आमी तिलाच नावं ठेवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या गेल्यावर महादू घागर घेऊन आला आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागला. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"गाडी चांगलीच व्हती, सायेब," तो हळू आवाजात म्हणाला. "माझाच डोळा लागलता. पण तात्याला हे बोलू नका. माझ्यासाठी इतकी वर्सं शिव्या द्यायलेत तिला."

गडावर हात जोडले, पण मन खालीच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी परतताना मुद्दाम त्याच हॉटेलवर थांबलो. तात्या बाकावर होतेच. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"तात्या, रात्रभर विचार केला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "शेवटी शेवटी माझ्याही गाडीचे ब्रेक लागत नव्हते. बेकारच गाडी ती."

तात्यांनी सरकून मला जागा दिली. महादू खाली मान घालून चहा गाळत राहिला.

पुण्याच्या वाटेवर मी त्या गाडीची मनोमन माफी मागितली. तिने मला कधी दगा दिला नव्हता, आणि महादूलाही दिला नव्हता.