मागच्या दाराने बोलणारे यंत्र

श्रीमती कुमुदताई आगाशे यांचे नाव माझ्या घरात अनेक वर्षे ऐकू येत असे. प्रत्यक्ष परिचय झाला तो मात्र गतवर्षीच्या दसऱ्यानंतर. माझी पत्नी कै. वसुधा अक्षररचनाकार होती आणि या दोघी एकेकाळी एकाच मुद्रणसंस्थेत काम करीत; तेथील संगणक कुमुदताई सांभाळीत. कुमुदताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिण्याचा माझा अधिकार या उशिरा झालेल्या परिचयापुरताच आहे.

वसुधा आपली अक्षरे एका जुन्या युनिक्स संगणकावर रेखाटीत असे. तिची अखेरची देवनागरी वर्णमाला अपुरी राहिली होती, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. दसऱ्याला कीबोर्ड पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचे आणि मग संगणक सुरू करायचा, हा तिचा प्रघात. तिच्या पश्चात पहिल्या दसऱ्याला मी तसेच केले. आतल्या पंख्याची मंद घरघर सुरू झाली, पडदा काळाच राहिला. एका तंत्रज्ञाने मॉनिटर बदलून पाहिला आणि यंत्र संपल्याचे सांगितले. पूजा मोडवेना, म्हणून कीबोर्ड पाटावरच राहू दिला. ती अक्षरेही आता गेली, असे मी धरून चाललो.

ही हकीकत कानी पडताच कुमुदताई डोंबिवलीहून ठाण्यास, आमच्या वर्तकनगरच्या घरी आल्या त्या कापडी पिशवीत लॅपटॉप आणि एक केबल घेऊन. पडद्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. यंत्राच्या मागे केबल जोडून त्यांनी ते सुरू केले, आणि लॅपटॉपवर ओळी उमटू लागल्या. सावकाश, झोपेत बोलणाऱ्या माणसासारख्या.

"अहो जोगळेकर, हे तर केव्हाचं बोलतंय."

"कोणाशी?"

"भिंतीशी. कीबोर्ड कुठंय?"

मी पाटाकडे बोट दाखवले.

"सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, की याला वाटतं समोर कोणी बसलेलंच नाही. मग हे पडदा सोडून मागच्या दाराने बोलायला लागतं. वसुधा आधी वायर जोडायची, मग पाटावर ठेवायची. तुम्ही देव बसवलात, पण वायर काढून."

कित्येक महिन्यांनी मला हसू आले.

आधी यंत्राचे ऐकावे, मग ते उघडावे, ही कुमुदताईंची रीत. कल्याणच्या एका छापखान्यातील संगणकावर चित्र सतत वर सरकत असे. मालकांनी दुसरा मॉनिटर आणला, तरी ते सरकतच राहिले. "पडदा चांगला आहे हो. याला झपताल हवाय, तुमचं यंत्र तीनताल वाजवतंय," असे म्हणून त्यांनी संगणकाचा चित्र पाठविण्याचा वेग पडद्याला जुळवून दिला. चित्र जागेवर स्थिरावले.

आमच्याकडे कीबोर्ड जोडून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पडदा हळूहळू उजळला. 'अ' आला, मग 'आ'. वसुधाच्या हातचा तो किंचित झुकलेला काना. दुपारच्या उन्हात खोली पाण्याखाली असावी तशी शांत होती, आणि अक्षरे तळातून वर येत होती. कुमुदताईंनी सारे उतरवून घेतले. 'ष'पाशी वर्णमाला थांबली.

"डिस्क म्हातारी आहे, उगाच दमवू नका. आता तुम्हीच बंद करा. बटण नका दाबू, नीट सांगून."

"थोडा वेळ राहू द्यावे का?"

"राहू द्या की. मी बसते. डोंबिवली काही पळून जात नाही."

त्या दिवेलागणीपर्यंत माझ्याशेजारी बसल्या. मग त्यांनी सांगितलेली आज्ञा मी एकेक अक्षर करीत टंकित केली. पडदा काळा झाला, आणि मला त्याचे भय वाटले नाही.

'ष'च्या पुढची अक्षरे आता वसुधाची एक विद्यार्थिनी पूर्ण करीत आहे, आणि प्रत्येक अक्षर कुमुदताईंना दाखविल्याविना पुढे जात नाही. कुमुदताई ते हमखास परत पाठवितात. काम फार संथ चालले आहे, आणि जोडाक्षरे तर अजून सारीच बाकी आहेत. जितकी जोडाक्षरे, तितकी वर्षे कुमुदताईंना निरोगी आणि आनंदाची लाभोत, आणि त्यांनी तितक्याच वेळा "पुन्हा काढ" म्हणावे, ही माझी मनःपूर्वक प्रार्थना.