बिनउपदेशाची बाई

घाटंजीच्या बाजारात माह्या छातीत असं धडधडाले लागलं का वाटलं, आता कडेवरची तान्ही पोट्टी हातातून सुटते. घाम फुटला, कानात शिट्ट्या वाजाले लागल्या, समोरची वांगी का टमाटे तेही समजेना. कांदे इकणाऱ्या बुढीच्या मांडीवर पोट्टी ठेवली, म्हटलं, "धर माय," अन् पळत सुटली. बसस्टँडवर पानी पेली, भानावर आली, अन् तशीच धावत परत गेली. पोट्टी मस्त झोपली होती. बुढी म्हणे, "लागली होती त सांगून जावं ना वं! लाजतं कायले?"

मी घरी पोचाच्या आधी गोष्ट घरी पोचली. आत्याबाई, मंजे माही सासू, म्हणे, "आज कांदेवालीजवळ सोडली, उद्या विहिरीजवळ सोडशीन. पोट्टी वणीले माह्या लेकीकडे राहीन, तुह्यं डोकं ठिकाणावर येईपरेंत." ननंद दिवाळी झाली का न्यायले येणार, असं ठरूनही गेलं. मले कोणी इचारलं नाई.

दवाखान्यात छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ते, काढली. पट्टी चांगली निंगाली. डॉक्टर म्हणे, हे भेव हाय, समुपदेशन घ्या. मी आठवी शिकली. त्या शब्दात मले फक्त उपदेश दिसला, अन् तो त घरी सकाळ-संध्याकाळ भेटूनच राह्यला होता.

तरी नवऱ्यासंगं यवतमाळले गेलो. समुपदेशक साहेब लय बोलले. आई मंजे त्याग, आई मंजे माया, पहाटे उठत जा, चांगला विचार करत जा. सारं माह्या नवऱ्याकडे पाहून. नवराही अशा माना डोलवून राह्यला होता, जसा काई तोच बाळंत झाला.

मंग गावातल्या आशाताईनं सांगतलं, "एक मानवतावादी पद्धत असते. त्यात तुले बिघडलेली मशीन समजत नाईत. तू बोलाचं, ते नावं न ठेवता समजून घेतात. रस्ता तुह्या तुलेच सापडते."

आत्याबाई म्हणे, "हे माणसाईची पद्धत, मंग तो पयला काय ढोराईचा होता?"

जन्मात पयल्यांदा मले आत्याबाईचं पटलं.

आशाताईनं दोन-तीन नंबर आणून देल्ले. मी फोन करून एकच इचारलं, "तुमी सांगता का ऐकता?" एक जण म्हणे, "दोन-चार बैठकीत भीती गायब, गॅरंटी!" जसं उंदराचं औषधच इकून राह्यला. ठेवला. मंग एक बाई लागली. ते म्हणे, "ऐकते. त्याचंच शिक्षण घेतलंय मी. पण काय करायचं ते मी ठरवणार नाही. नाही पटलं, तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळ्या."

तिच्याकडे गेली. म्हटलं, "मले भेव लागते."

"भीती वाटते तुम्हाला."

"तेच त म्हटलं ना मी!"

ती रागावली नाई. गप बसली. एवढी गप बाई मी कधी पाह्यलीच नव्हती, मलेच बोला लागलं. अन् बोलता बोलता तोंडून निंगालं, का पोट्टी पडू नये म्हणूनच मी तिले बुढीच्या मांडीवर देल्ली. घरी हे वाक्य कोणी पुरं होऊच देल्लं नव्हतं.

चारपाच खेपा झाल्या. धडधड कमी झाली, गेली नाई. शेवटी इचारलं, "ताई, पोट्टी ननंदेकडे देऊ का नको?"

"तुम्हाला काय वाटतं?"

खुर्ची उचलून फेकावी वाटली.

दिवाळी झाली, ननंद आली. आत्याबाईनं झबली-दुपटी थैलीत भरली, हात पुढं केले, "आण." माहे हातपाय लटलट कापून राह्यले होते. म्हटलं, "नाई देत. नाई झेपलं त तुमाले हाक मारीन, पण पोट्टी घरातच राहीन."

"हेच शिकवलं का त्या बाईनं?"

"तिनं काईच नाई शिकवलं."

अन् मले तेच खुपते. तिनं 'देऊ नका' म्हटलं असतं, त सारं तिच्यावर ढकलता आलं असतं. आता पोट्टीले काई झालं त बोट माह्याकडंच. ननंद रिकामी गेली, आत्याबाई माह्याशी बोलत नाई, अन् पोट्टी मांडीवर हाय.

आता उपदेश नका करू, फक्त सांगा. असे हात कापत असते, त तुमी पोट्टी देल्ली असती का ठेवली असती?