जैतूनबीसोबत जालन्याच्या कचेरीत

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखे. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलेच, तर चुका पोटात घालाव्यात.

पोलीस ॲक्शन होऊन महिनाही झाला नव्हता. टेंभुर्णीहून आमची गाडी सकाळीच निघाली. जालन्यात मस्तगडला राहणारी मावशी आजारी आहे असे मी घरी सांगितले होते. खरे तर शेजारच्या जैतूनबीसाठी निघाले होते. तिचा नवरा पिंजारी (कापूस पिंजून गाद्या भरणारा). रझाकारांनी गाव लुटले त्या दुपारी तो आमच्या ओसरीवर गादी भरीत होता. निजामाचे राज्य गेल्यावर कुणीतरी त्यालाच रझाकार म्हणून दाखवून दिले. पिंजायची कमान हत्यार म्हणून जप्त झाली आणि त्याला जालन्याला नेले.

वाटेत ज्वारी उभी होती. पाखरे कणसे खात होती, राखणीला कुणी नव्हते. मुसलमानांच्या एका वस्तीत घरांना छपरे उरली नव्हती. म्हातारा गाडीवान म्हणाला, तिकडे बघू नका. जैतूनबीने मात्र बघितले. ओढ्याकाठी मी भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडली. तिने दोन घास खाल्ले, उरलेली भाकरी नवऱ्यासाठी पदरात बांधली. पुढे चाकाची धाव (लोखंडी पट्टी) निसटली, ती बसवेपर्यंत ऊन उतरले. मावशीने ठेवून घेतले, पण जैतूनबीला पाणी वरूनच ओतले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. पेशकाराने (कारकुनाने) नवऱ्यांची नावे विचारली. नवऱ्याचे नाव ती घेत नाही, मीही घेत नाही.

"दोघींचे नवरे बिननावाचे दिसतात," तो म्हणाला. "जल्दी बोला, मागं माणसं उभी हायेत."

मग मला सुचले. मी म्हणाले, तिचे मालक करीम पिंजारी. जैतूनबी लगेच म्हणाली, "आन् ह्यांचे माधवराव." मागची माणसे हसली. पदर तोंडावर धरून आम्हीही हसलो.

साहेब नवे, वऱ्हाडातून आलेले. मी त्या दुपारचे सगळे सांगितले. ते म्हणाले, एकट्या बाईच्या शब्दावर माणूस कसा सोडू?

आमच्या गावचे मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवतात, ते मी दाराआडून ऐकते. दिल्लीत देशाची घटना लिहिताहेत. सरकार धर्म बघून फरक करणार नाही. बाई असो, पुरुष असो, प्रत्येकाला एक मत. टेबलाकडे बघत मी म्हणाले, "साहेब, नव्या कायद्यात माझं मत पुरं एक धरणार म्हन्तेत. मंग माझी साक्ष अर्धी कशी?"

साहेब म्हणाले, तो कायदा अजून व्हायचा आहे, बाई. तरी त्यांनी माझे म्हणणे लिहून घेतले, खाली माझी सही घेतली. गावातले दोन पुरुष असेच सांगू देत, म्हणाले, मी सोडतो.

करीमभाई गजाआड दिसले. बोटे सुजली होती. भाकरी घेतली आणि विचारले, कमान कुठे ठेवली?

परत आल्यावर मी घरी खरे सांगितले. त्या दुपारी आमचे हेही ओसरीवरच होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आपल्याला ह्याच गावात राह्यचंय." मग मीच धीर करून मास्तरांकडे गेले. त्यांनीही करीमभाईंना तिथे पाहिले होते. ते म्हणाले, घटना पुरी होऊ द्या, मग बघू.

दिल्लीतले लोक चांगलेच लिहीत असतील. पण ते खरे करायला माणसे इथलीच लागणार, आणि इथे घरोघर पुरुष असून दोन मिळत नाहीत.

रोज संध्याकाळी जैतूनबी भिंतीपलीकडून विचारायची, "भाभी, कुणी तयार झालं का?" मी म्हणायची, उद्या बघते.

काल तिने विचारले नाही.